पावडरीचा डबा उघडण्याआधी औषधांची चिठ्ठी पुढ्यात घ्या

मधुमेह, थायरॉइड किंवा किडनीचं दुखणं लागलं की घरात कुणीतरी प्रेमाने पूरक पोषणाच्या पावडरीचा डबा आणतंच. तो उघडण्याआधी चालू औषधांची चिठ्ठी आणि शेवटचे रिपोर्ट पुढ्यात घ्या. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, बी-12 यांतलं नेमकं काय बिघडलंय ते आधी बघा.

मग डब्याची मागची बाजू वाचा. 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक म्हणजे उत्पादकाकडे परवाना आहे, एवढंच. त्यावरून आजार बरा होईल असं ठरत नाही. प्रत्येक घटक एका मात्रेत किती मिलीग्रॅम आहे, हे दिलं नसेल तर डबा परत करा.

आता तुलना. शेवग्याच्या पाल्याच्या 500 मिलीग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे 1 ग्रॅम पावडर. त्यात कॅल्शियम जेमतेम 20 मिलीग्रॅम. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या मंडईतून आणलेला 100 ग्रॅम ताजा पाला भाजीत घातला तर सुमारे 300. नाचणीच्या 40 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून 140 च्या आसपास. तीळ बिनपॉलिशचेच घ्या, कारण कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. पालकाचा मात्र भरवसा धरू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं.

बी-12 चं तसं नाही. ते भाजीपाल्यातून मिळत नाही, आणि स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या पावडरीच्या) डब्यावर लिहिलेलं बी-12 बहुतांशी शरीराला वापरता न येणारं असतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-12 घटतं. त्यामुळे येणारी तळपायाची बधिरता ‘शुगरमुळेच’ म्हणून सोडून दिली जाते, हे फार वाईट. तपासणी करा, कमी निघालं तर इथे गोळीच हवी.

किडनीचा आजार असेल तर वरचं गणित उलटतं. पोटॅशियम वाढलेलं असताना शहाळं, हिरव्या पाल्याचे रस, टोमॅटोचं सार ही ‘नैसर्गिक’ ताकद हृदयाचे ठोके बिघडवू शकते. कमरख (स्टारफ्रूट) तर पूर्ण वर्ज्य: त्यातलं विष आजारी किडनी बाहेर टाकू शकत नाही, उचकी थांबत नाही, फिटही येते. बटाटा, सुरण खायचाच असेल तर पोटॅशियम उतरवायला सोलून पातळ काप करा, दहापट कोमट पाण्यात किमान दोन तास भिजवा, ते पाणी फेका, पाचपट ताज्या पाण्यात उकडा आणि तेही ओता. ते पाणी आमटीत घातलं की सगळी मेहनत वाया. लो-सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर किडनी धडधाकट असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

सकाळच्या फेरीनंतरचा रस: ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीसोबत उपाशीपोटी कारल्याचा पेलाभर रस घेतला तर साखर एकदम उतरू शकते. दुधीचा रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी टाका. कडू दुधीच्या रसाने जीव गेलेले आहेत.

हळदीचंही मापावर आहे. चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत कर्क्युमिन (तिचा मुख्य गुणकारी घटक) साधारण 100 मिलीग्रॅम. कॅप्सूलमध्ये बहुधा 500, वर मिऱ्याचा अर्क, म्हणजे रक्तात आणखी जास्त. अशा कॅप्सूलनी आणि गुळवेलीनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज दिसली की त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा.

थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत 4 तास सोडा, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. डी जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट सहसा आठवड्याचं असतं. रोज घेणारे थेट कॅल्शियम वाढून दवाखान्यात पोचतात. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगून 2-3 दिवस थांबवा आणि लॅबमध्येही कळवा. नाहीतर आकडे खोटे येतात आणि नसलेल्या दुखण्याचं औषध सुरू होतं.