संक्रांतीला पिल्लू आणणाऱ्यांसाठी: परसातल्या कोंबड्या आणि कुत्रा एका अंगणात कसे नांदवावेत

भाद्रपदात माजावर आलेल्या गावठी कुत्र्या साधारण ६३ दिवसांनी वितात. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं जन्मतात आणि संक्रांतीच्या आगेमागे गावोगाव ७-८ आठवड्यांची पिल्लं दिसू लागतात. मुंगसाला आणि बाऊलला (रानमांजराला) वैतागलेली घरं ह्याच दिवसांत त्यातलं एखादं उचलून आणतात. थंडीत रवणीला (अंडी उबवायला) बसवलेल्या कोंबड्यांची पिल्लंही ह्याच सुमाराला अंगणात फिरायला लागतात, त्यामुळे निवड आणि पहिली शिकवण दोन्ही आत्ताच नीट व्हायला हवी.

आधी एक हिशेब मांडा. मार्गशीर्षात जन्मलेलं पिल्लू ज्येष्ठात सहा महिन्यांचं होतं. कोंबड्या मारण्याचे बहुतेक प्रकार पाचव्या ते दहाव्या महिन्यात घडतात, म्हणजे पावसाच्या तोंडाला आणि भर पावसाळ्यात, जेव्हा कोंबड्या पडवीच्या आडोशाला दाटीनं बसलेल्या असतात. “लहानपणापासून कोंबड्यांत वाढलंय, ते काही करायचं नाही” ही समजूत इथंच फसते. दोन महिन्यांचं पिल्लू कोंबडीला घाबरतं. सहा महिन्यांचं झालं की कोंबडीच त्याला घाबरून पळते, आणि पळणारी वस्तू धरायची हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

कुत्रं कोणतं घ्यावं

परसातल्या कोंबड्यांसाठी गावठी कुत्र्याइतकं सोयीचं दुसरं नाही. ऊन सोसतं, भाकरीवर राहतं, परक्या जनावरावर भुंकतं. पण कोणत्याही कुत्रीचं पिल्लू उचलू नका, आधी आई बघा. ती अंगणात पडलेली असताना कोंबड्या तिच्या नाकासमोरून दाणे टिपत जातात का? ती मान न उचलता पडून राहते का? तसं असेल तर तिच्या पिल्लांनी डोळे उघडल्यापासून कोंबड्या पाहिलेल्या असतात. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जे रोज दिसतं ते कुत्रं घरचं मानतं. ही मुदत उलटली की तीच गोष्ट शिकवायला बरेच जास्त दिवस लागतात.

पिल्लाची परीक्षा पाच मिनिटांत होते. पिल्लू कडेवर घेऊन चरणाऱ्या कोंबड्यांपासून दहा फुटांवर उभे राहा आणि भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरा. कोंबडीकडे बघून पुन्हा तुकड्याकडे वळणारं पिल्लू घ्यावं. नुसतं दबकून बसणारं चालेल, त्याला वेळ द्यावा लागेल. अंग ताठ झालं, नजर कोंबडीवरून हलेना, कान पुढे रोखलेले आणि तोंडाशी आणलेला तुकडाही दिसेना, तर ते कितीही देखणं असलं तरी ठेवून या.

कारवानी आणि पश्मी कुत्री लातूर, नांदेड, सोलापूरकडे हौसेनं पाळतात. ती नजरेनं सावज हेरून सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली जात आहे. मोकळ्या कोंबड्यांच्या अंगणात ती ठेवणं म्हणजे रोज परीक्षा बघणं. लॅब्राडोर चावत नाही असं म्हणतात, पण पक्षी तोंडात धरून मालकाकडे आणणं हेच त्याच्या रक्तातलं काम. त्यानं अगदी अलगद आणलेली कोंबडीही धसक्यानं मरू शकते. जर्मन शेफर्ड बरेचदा मारत नाही, पण दिवसभर कोंबड्या वळत बसतो आणि सततच्या धावपळीनं अंडी कमी होतात. शिवाय ह्या केसाळ जातींना विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा सोसत नाही.

नर की मादी ह्यात आमचा कौल मादीला. ती घराला धरून राहते. नर भाद्रपदात आठ-आठ दिवस भटकतो आणि कधी कधी आपल्याबरोबर चार सोबती घेऊन परततो. काहीही घेतलं तरी सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं नसबंदी करून घ्यावी. दोन सख्खी पिल्लं एकदम आणू नयेत, ती एकमेकांना चढवतात. शिकवायला वेळच नसेल तर सरळ कोंबड्या पाळणाऱ्या घरातली दोन-तीन वर्षांची शांत कुत्री मागून घ्या. तिचा स्वभाव तुम्हाला समोर दिसतो, पिल्लाचा अंदाजच बांधावा लागतो.

शिकवणं

लागणारं सामान थोडं आहे: रुंद पट्टा, सहा फुटांची दोरी, वीस फुटांची हलकी सुती दोरी आणि खिशात बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे. भाकरीला जरा तूप लावा किंवा सुक्या बोंबलाचे बारीक तुकडे करा. बक्षीस म्हणून अंडं मात्र नको. कच्च्या अंड्याची चटक लागली की कुत्रं खुराड्यातल्या पाटीपर्यंत वास काढत जातं.

शब्द एकच ठरवा आणि तो घरातल्या सगळ्यांनी वापरावा. आजी “हाड” म्हणते, पोरं “ए नको” म्हणतात, तुम्ही “सोड” म्हणता, मग कुत्र्यानं काय समजायचं? “हाड” तर मुळीच वापरू नका, तो शब्द त्याला हाकलताना रोज ऐकू येतो. “सोड” पुरेसा आहे.

पहिला आठवडा पिल्लू आणि कोंबड्या ह्यांच्यामध्ये जाळी ठेवा. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. पिल्लानं जाळीपलीकडे पाहिलं आणि आपणहून नजर तुमच्याकडे वळवली की त्याच क्षणी तुकडा द्या. तुकडा नजर वळवल्याचा आहे. दोन सेकंदांनी दिलात तर तोवर ते पुन्हा कोंबडीकडे बघत असतं आणि बक्षीस त्या बघण्याचं ठरतं.

दुसऱ्या आठवड्यात जाळी काढा, सहा फुटी दोरी हातात घ्या आणि वीस फुटांवरून सुरुवात करा. सलग तीन दिवस दोरी एकदाही ताणली गेली नाही तर पंधरा फूट, मग दहा, मग पाच. एखाद्या दिवशी ओढ घेतली तर मागच्या अंतरावर परता. चिडायचं कारण नाही, अंतर घाईनं कमी झालं एवढाच त्याचा अर्थ.

पाच फुटांवर शांत बसणारं कुत्रं शिकलं असं समजू नका. चरणारी कोंबडी वेगळी आणि फडफडत पळणारी कोंबडी वेगळी. म्हणून चौथ्या आठवड्यापासून मुद्दाम पळापळ घडवा. तुम्ही कुत्र्याला घेऊन वीस फुटांवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी मूठभर दाणे लांब फेकायला सांगा. कोंबड्या दाण्यांवर तुटून पडतात, पंख झडतात, कोंबडा मध्ये उडी घेतो. हे सगळं चालू असताना कुत्र्याला “बस” आणि तुकडा. हा धडा किमान पंधरा दिवस रोज द्यावा लागतो. बहुतेक घरांत नेमका हाच वगळला जातो.

मग वीस फुटी दोरी पट्ट्याला बांधून तशीच जमिनीवर लोळू द्या आणि आसपास काम करत राहा. धाव घेतली तर दोरीवर पाय द्यायचा. निखळ मोकळं सोडणं चार-पाच महिन्यांनंतर, तेही नजरेसमोर आणि सुरुवातीला पंधरा मिनिटंच. कोंबड्यांबरोबर एकटं सोडायचं ते दीड-दोन वर्षांचं झाल्यावर. मुदत लांब वाटते, पण एका दुपारीत सात-आठ तलंगा (कोवळ्या कोंबड्या) गेल्यावर ती लांब वाटत नाही.

धाव घेण्याआधी कुत्रं सांगत असतं. डोकं खांद्याच्या रेषेत खाली येतं, शेपूट ताठ होऊन हलायची थांबते, पुढचा एक पाय उचलून धरलेला राहतो. हाक मारायची ती ह्या क्षणाला. पळायला लागल्यावर मारलेली हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

कुठं चुकतं

सर्वांत जास्त ताटलीवर. कुत्रं भाकरी खात असतं, कोंबडी येऊन ताटलीत चोच मारते, कुत्रं गुरगुरतं. कोंबडीला गुरगुरणं कळत नाही, ती दुसरी चोच मारते आणि मान जबड्यात जाते. ह्याला शिकार म्हणता येत नाही, पण कोंबडी मेलेली असते आणि कुत्र्याला रक्ताची चव कळलेली असते. कुत्र्याला कोंबड्या सोडण्याआधी सकाळी आणि त्या कोंडल्यावर संध्याकाळी, दाराआड खायला घाला. पंधरा मिनिटांनी ताटली उचला, उरलेलं असलं तरी.

दुसरी चूक आपली. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालताना घरातली माणसं “हुश हुश” करत त्यांच्यामागे धावतात आणि पिल्लू हे बघतं. उद्या तेही मदतीला येणार. कोंबड्या डब्यात दाणे वाजवून बोलवा आणि तेवढा वेळ कुत्रं बांधून ठेवा.

तिसरी गोष्ट टोळीची. एकटं असताना गुणी असलेलं कुत्रं दोन भटक्या सोबत्यांसह आलं की वेगळंच वागतं. बाहेरची कुत्री अंगणात शिरणार नाहीत असं कुंपण नसेल तर शिकवलेलं सगळं वाया जातं.

रवणीवरची आणि पिल्लांची कोंबडी कुत्र्यावर सरळ झेप घेते. एक चोच बसली की कुत्र्याचं पिल्लू शहाणं होतं असं लोक सांगतात. होतंही, पण चोच डोळ्यावर बसली तर डोळा जातो, आणि मोठं कुत्रं उलट चावतं. कोंबडीची पिल्लं सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत ती डालग्याखाली किंवा जाळीतच फिरवा. एवढी लहान पिल्लं कुत्र्याला उंदरासारखीच दिसतात.

औषधपाणी आणि विषबाधा

पार्व्हो आणि डिस्टेंपर ह्या रोगांवरची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांत, पुढे ३-४ आठवड्यांच्या अंतरानं १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील तसे आणि नंतर दरवर्षी. जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजानं देऊ नका.

कोंबडीखाद्याची गोणी कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. काही तयार खाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिनसारखी औषधं असतात, ती कुत्र्याला बाधतात. मागच्या पायातली ताकद जाणं हे त्याचं एक लक्षण. खुराड्याजवळ उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड ठेवत असाल तर ते थांबवा. विष खाल्लेला उंदीर कुत्र्यालाही बाधू शकतो आणि कोंबडीलाही.

मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती मोडा. एकीकडे कोंबडीला तोंड लावू नकोस म्हणायचं आणि दुसरीकडे पिसांसकट वाढायची, हे जमत नाही. रोगाचा धोका आहेच. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तो विषाणू, एच५एन१, मेलेले पक्षी खाणाऱ्या कुत्र्या-मांजरांनाही होऊ शकतो. मेलेला पक्षी तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कमी खोल पुरला तर कुत्रं उकरतंच. एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

रात्र

कुत्रा आला म्हणून खुराड्याचं दार ढिलं ठेवायचं नाही. मुंगूस दोन इंचांच्या फटीतून शिरतं, उदमांजर कौलांवरून उतरतं. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जाळी मारा, ती एक फूट जमिनीत गाडा आणि कडीला खिट्टी लावा. कुत्र्याची जागा खुराड्याबाहेर. दोन खांबांत तीस फूट तार ताणून त्यात कडी सरकती ठेवली तर बांधलेलं कुत्रंही खुराड्याच्या लांबीभर फिरू शकतं. मुंगूस, रानमांजर, घोरपड ह्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कुत्र्यानं भुंकून हुसकावलं तेवढं पुरे, त्यांच्यावर सोडू नका.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि उसाच्या इतर पट्ट्यांत मात्र वरची तारेची सोय करू नये. तोड सुरू झाली की उसातला बिबट्या वस्तीकडे सरकतो, आणि बांधलेलं कुत्रं त्याला आयतं सापडतं. तिथं दिवेलागणीला कुत्रं पत्र्याच्या बंद खोलीत घ्या. भुंकणं आतूनही ऐकू येतं.

एक कोंबडी मारलीच तर

मारू नका. दहा मिनिटांनी दिलेला मार कशाबद्दल हे त्याला कळत नाही, फक्त तुमच्या हाताची भीती बसते. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा सल्ला मिळेल, त्यानं माश्या आणि घाण ह्यांपलीकडे काही होत नाही. कोंबडी काढून घ्या, कुत्रं बांधा आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वीस फुटांवर, तीन आठवडे. ताटलीवर घडलं की पाठलागात, हे आधी शोधा. ताटलीवरचं असेल तर खाण्याची जागा बदलून बहुधा भागतं. पाठलाग करून दुसऱ्यांदा मारली तर त्या कुत्र्याला मोकळ्या कोंबड्यांत पुन्हा सोडू नये. एक तर कायमची जाळी, नाहीतर कोंबड्या नसलेल्या घरी द्यावं, आणि देताना कारण लपवू नये.