ठिपका दिसतो, गाडी सापडत नाही : नियंत्रण कक्षातल्या नकाशाच्या या चुका टाळा

‘स्क्रीनवर गाडी चारशे मीटरवर दिसत होती. मग पोहोचायला बारा मिनिटं कशी लागली?’ रुग्णवाहिका असो की अग्निशमन दल, नियंत्रण कक्षात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. त्याचा रोख बहुतेक वेळा चालकावर असतो. चालक म्हणतो, ‘मी तिथे नव्हतोच साहेब.’ आणि पुष्कळदा तो खरं बोलत असतो.

नकाशावरचा ठिपका हा एक निरोप असतो. ‘अमुक वाजता मी साधारण इथे होते’ एवढंच गाडी त्यातून कळवते. निरोप किती जुना आहे आणि ‘साधारण’ म्हणजे किती मीटर, या दोन गोष्टी स्क्रीनवर नसतील तर डिस्पॅचर, म्हणजे कोणती गाडी पाठवायची ते ठरवणारा माणूस, त्या ठिपक्यालाच गाडी समजतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

शिळा ठिपका ताजा समजणे

ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. गाडीतला ट्रॅकर, म्हणजे उपग्रहांवरून जागा शोधून कळवणारं यंत्र, दर ३० सेकंदांनी लोकेशन पाठवत असेल तर दोन निरोपांच्या मध्ये ती अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एखादा चौक, एखादा पूल मागे पडलेला असतो. हे काही बिघाडाचं लक्षण नाही, सगळं सुरळीत चालू असतानाची ही गोष्ट आहे.

बिघाड झाला की प्रकरण वाईट होतं, कारण तो दिसतच नाही. गाडी तळघरात किंवा बोगद्यात शिरली, मोबाइलची रेंज गेली, सिमचा डेटा संपला, तरी अनेक प्रणाल्या शेवटचं लोकेशन तसंच, त्याच हिरव्या रंगात दाखवत राहतात. ठिपक्याशेजारी त्याचं वय दिसायलाच हवं आणि ठरावीक वेळेनंतर रंग आपोआप बदलायला हवा. मात्र फक्त वयावर विसंबू नका. तळावर उभी असलेली गाडी मुद्दामच कमी वेळा निरोप पाठवते, त्यामुळे तिचा दहा मिनिटं जुना ठिपकाही बरोबर असू शकतो. घात करते ती भरधाव चाललेली आणि मध्येच गप्प झालेली गाडी. म्हणून कोणती गाडी पाठवावी हे प्रणाली सुचवते त्या यादीतून गाडी वगळण्याचा नियम करताना ‘शेवटचा वेग’ आणि ‘शेवटची वेळ’ दोन्ही तपासा.

याचाच एक चुलतभाऊ आहे. रेंज नसताना ट्रॅकर लोकेशनं साठवून ठेवतो आणि रेंज आली की सगळी एकदम ओततो. सर्व्हरनं ती ‘मिळाल्याच्या’ वेळेनुसार लावली तर गाडी नकाशावर मागे-पुढे उड्या मारते, आणि कधी कधी सगळ्यात शेवटी आलेला जुना निरोपच आत्ताचा म्हणून बसतो. क्रम लावायचा तो उपग्रहाकडून लोकेशन घेतलं त्या वेळेनुसार. विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारून पाहा. उत्तर चटकन आलं नाही तर चाचणी स्वतः घ्या: गाडी पंधरा मिनिटं तळघरात ठेवा, बाहेर काढा आणि स्क्रीनवर काय होतं ते बघा.

गाडी निघतानाच गायब होत असेल तर आधी वायरिंग तपासा. ट्रॅकर इग्निशनच्या लाइनवर जोडलेला असतो, इंजिन बंद झालं की तो झोपतो. बराच वेळ बंद राहिलेल्या यंत्राला उपग्रहांच्या कक्षांची माहिती नव्यानं घ्यावी लागते. प्रत्येक जीपीएस उपग्रह ती दर ३० सेकंदांनी प्रसारित करतो, म्हणून सुरुवातीचं अर्धं मिनिट, आणि उंच इमारतींत त्याहून जास्त वेळ, गाडीचा पत्ता नसतो. नेमका हाच वेळ मोलाचा असतो. बॅटरीतून थेट पुरवठा द्या, फक्त व्होल्टेज फार खाली गेलं तर तो तुटेल अशी सोय ठेवा. नाहीतर लोकेशन मिळेल, पण सकाळी गाडीच सुरू होणार नाही! अँटेना पत्र्याखाली किंवा धातूचा थर असलेल्या काचेमागे गेला आहे का, तेही पाहून घ्या. चोरीला जाऊ नये म्हणून तो इतका छान लपवलेला असतो की उपग्रहांनाही सापडत नाही.

‘जवळची’ गाडी म्हणजे सरळ रेषेतली जवळची

मध्ये नदी आहे, रेल्वेरूळ आहेत, दुभाजक असलेला महामार्ग आहे. पलीकडच्या मार्गिकेवरची गाडी ५० मीटरवर दिसते, पण तिला वळण्यासाठी पाच किलोमीटर पुढे जावं लागतं. तुमचं सॉफ्टवेअर जवळची गाडी निवडताना हवाई अंतर मोजतं की रस्त्यावरून लागणारा वेळ, हे सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहा. माहितीपत्रकावर विसंबू नका. शक्य असेल तिथे गाडीची दिशाही हिशेबात घ्यायला लावा.

प्रवासाचा वेळ मोजणारं गणित बहुधा खासगी मोटारीसाठी केलेलं असतं. भरलेल्या पाण्याच्या बंबाला कमी उंचीचा भुयारी मार्ग चालत नाही, जुना पूल चालत नाही, आणि शिडीच्या गाडीला अरुंद गल्लीत वळता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या गाडीची उंची, वजन आणि रुंदी प्रणालीत भरा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून ते नेहमी मागे पडतं.

उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता ही जुनी डोकेदुखी. ठिपका जवळच्या रस्त्यावर चिकटवणारी प्रणाली वरचा रस्ता की खालचा, यात अंदाज बांधते. तिथे वायरलेसवर ‘पुलावर की खाली?’ एवढं विचारणं सगळ्यात स्वस्त पडतं.

कॉल करणाऱ्याचं लोकेशन म्हणजे घटनास्थळ समजणे

अपघात पाहिलेला माणूस बरेचदा दोन किलोमीटर पुढे जाऊन, गाडी बाजूला घेऊन फोन करतो. मुलगी दुसऱ्या शहरातून आईसाठी कॉल करते. म्हणून आपोआप आलेलं लोकेशन समोर असलं तरी ‘घटना कुठे घडली?’ हा प्रश्न टाळायचा नाही.

लोकेशनभोवतीचं वर्तुळही नीट वाचायला हवं. अँड्रॉइड फोन जो अचूकतेचा आकडा देतो त्याचा अर्थ असा की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. म्हणजे दर तीन कॉलपैकी एक वर्तुळाबाहेर असू शकतो. मोबाइल टॉवरवरून काढलेलं वर्तुळ तर काही किलोमीटरचंही असू शकतं. आपत्कालीन क्रमांक फिरवताच फोननं स्वतः लोकेशन पाठवण्याची ‘अ‍ॅडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन’ ही पद्धत २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि पुढे बऱ्याच देशांनी घेतली. तिच्यामुळे पुष्कळ फरक पडतो, पण माणूस सातव्या मजल्यावर आहे की तळमजल्यावर, हे सपाट नकाशावरच्या ठिपक्यातून कळत नाही. मजला आणि जिना विचारावाच लागतो.

आता आकड्यांच्या चुका. यांनी पथकं अक्षरशः समुद्रात पाठवली जातात.

पहिली, क्रम. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, पण जिओजेसनसारख्या डेटा-स्वरूपात रेखांश आधी येतो. दोन प्रणाल्या जोडताना हे उलटतं आणि ठिपका भलत्याच खंडात पडतो. खंड बदलला तर निदान कळतं तरी. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळचे असतील तर चूक शेजारच्या जिल्ह्यात जाऊन लपते.

दुसरी, मिनिटं आणि दशांश. ४० अंश ३० मिनिटं म्हणजे ४०.५०, ४०.३० नव्हे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे एवढ्याशा गफलतीत २२ किलोमीटरचा फरक पडतो. वायरलेसवर आकडे सांगताना ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘दशांश’ हे शब्द उच्चारायची सवय लावा.

तिसरी, दशांशस्थळं छाटणे. तीन स्थळं ठेवलीत तर अचूकता सुमारे ११० मीटर, पाच ठेवलीत तर सुमारे एक मीटर. कुणी तरी एक्सेलमध्ये ‘नीटनेटकं’ करतं आणि अख्ख्या वस्तीचे पत्ते एका ठिपक्यात गोळा होतात. आणि शून्य-शून्य असं लोकेशन आलं, तर ती गिनीच्या आखातातली जागा आहे. तिथे कुणी बुडत नसतं, रकाना रिकामा राहिलेला असतो. अशी नोंद प्रणालीनं दारातच अडवावी.

नकाशा एकदाच घेऊन विसरून जाणे

रस्ते बदलतात, पूल दुरुस्तीसाठी बंद होतात, वसाहती उभ्या राहतात. एकाच नावाच्या चार गल्ल्या असतात आणि एकाच गल्लीची तीन नावं असतात. लोक पत्ता सांगतात तो जुन्या टाकीवरून, बंद पडलेल्या चित्रपटगृहावरून. अधिकृत नकाशात ते नाव शोधलं तर मिळत नाही. बोलीतल्या नावांची आणि वेगवेगळ्या स्पेलिंगची यादी तुमच्याच कॉल-नोंदींतून तयार होते. ती नकाशाला जोडा. चालकानं ‘इथे रस्ता बंद आहे’ असं कळवलं तर ते कोण भरतं आणि किती तासांत, याचं उत्तर एका माणसाच्या नावासकट ठरलेलं असू द्या. ‘आयटी विभाग’ हे उत्तर चालणार नाही.

बटणं दाबली जातील असं गृहीत धरणे

या विषयातला सगळ्यात गाजलेला धडा लंडनचा. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या रुग्णवाहिका सेवेनं संगणकीय डिस्पॅच सुरू केला. गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, ही माहिती जवळजवळ निर्दोष मिळेल या भरवशावर सगळी रचना उभी होती. प्रत्यक्षात शहराच्या काही भागांत रेडिओवरचे संदेश पोहोचत नव्हते, आणि धावपळीत कर्मचारी बटणं चुकीच्या क्रमानं दाबत होते किंवा दाबतच नव्हते. प्रणालीला गाड्यांचा खरा ठावठिकाणा कळेना. एकाच ठिकाणी दोन गाड्या जायच्या, किंवा जवळची सोडून लांबची निघायची. चुकीच्या सूचनांचा ढीग साचला, महत्त्वाचे इशारे स्क्रीनवरून वर सरकून दिसेनासे झाले. गाडी येत नाही म्हणून लोक पुन्हा फोन करू लागले, तसा ढीग आणखी वाढला. चौकशी अहवालानं पुढे नोंदवलं की २६ आणि २७ ऑक्टोबर या दोन दिवसांत संगणक तांत्रिक अर्थानं बंद पडलाच नव्हता. तो खरोखर बंद पडला ४ नोव्हेंबरला, चुकून राहून गेलेल्या एका छोट्या कोडनं सर्व्हरची मेमरी हळूहळू खाल्ल्यामुळे. मग काम कागदावर आलं.

तंत्रज्ञान आज कितीतरी पुढे गेलंय, तरी ही साखळी मला अजूनही जशीच्या तशी ओळखीची वाटते. ‘निघालो’, ‘पोहोचलो’, ‘मोकळे’ ही तीन बटणं माणूस रुग्णाला उचलत असताना विसरणारच. तळ आणि रुग्णालयांभोवती आखलेल्या हद्दीवरून स्टेटस आपोआप सुचवलं जावं, पण पक्कं माणसानं करावं. पूर्ण स्वयंचलित ठेवलंत तर रुग्णालयावरून नुसती पुढे गेलेली गाडीही ‘पोहोचलो’ म्हणून नोंदवली जाते. मी पाहिलेल्या एका कक्षात एक गाडी रोज दुपारी ‘मोकळी’ दिसायची, कारण रुग्णालयाची हद्द शेजारच्या पेट्रोलपंपापर्यंत ओढली होती!

ट्रॅकर शिक्षेसाठी वापरू नका. कर्मचाऱ्यानं विश्रांती किती मिनिटं घेतली हे मोजायला सुरुवात झाली की वायरी सैल होऊ लागतात आणि फ्यूज वारंवार उडतात. दुरुस्तीच्या नोंदी एकाच गटाच्या पाळीत वाढल्या असतील तर पाना उचलण्याआधी त्यांच्याशी बोला.

घड्याळ

सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठवा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना वापरा. दोन प्रणालींच्या घड्याळांत तीन मिनिटांचा फरक असेल तर गाडी कॉल येण्याआधीच पोहोचल्याचं अहवालात दिसतं, आणि मग एकाही आकड्यावर कुणाचा विश्वास राहत नाही. जुन्या ट्रॅकरची तारीख एकाएकी १९ वर्षांहून जास्त मागे गेली तर यंत्र फेकून देऊ नका. जीपीएस तारीख आठवडे मोजून ठरवतं, आणि तो मूळ आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तसं झालं, पुढची पाळी २०३८ मध्ये आहे. यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) अद्ययावत केल्यावर बहुतेक यंत्रं ताळ्यावर येतात.

स्क्रीन काळी पडल्यावर

भिंतीवर कागदी नकाशा, गाड्यांच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या आणि दर अर्ध्या तासाला आपोआप छापून येणारी ‘कोणती गाडी कुठे’ ही यादी, एवढं असलं की कक्ष चालू राहतो. महिन्यातून एकदा, आधी न सांगता, वीस मिनिटं स्क्रीन बंद करून काम करा. आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला कोणत्याही तीन गाड्यांना वायरलेसवर विचारा, ‘कुठे आहात?’ मग उत्तर स्क्रीनशी ताडून वहीत लिहा. त्याच गाडीपुढे आठवड्यात दोनदा फुली पडली, तर ती वर्कशॉपला पाठवायची वेळ झाली.