शिकणारं मॉडेल आणि गोव्याचा सीझन: या चुका टाळा

'तक्रार आली नाही, म्हणजे व्यवहार चांगला.' पणजीत बँकेच्या फसवणूक-तपासाचं काम करताना नव्या माणसाच्या कोडमध्ये मी सगळ्यात आधी हीच चूक शोधतो, आणि बहुतेक वेळा ती सापडतेच. तक्रार असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य, आणि रोज रात्री हा डेटा फसवणूक ओळखणाऱ्या मॉडेलला शिकवायचा. मॉडेल रोज शिकतंय याचाच आनंद असतो. काय शिकतंय हे कुणी बघत नाही.

एका सीझनला ही चूक फार महागात पडली. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडच्या एका बचत खात्यात राज्याबाहेरून यूपीआयने पैसे येऊ लागले. पाच हजार, आठ हजार, कधी बारा. आले की तासाभरात पुढे जायचे. खातं एका तरुण मुलाने कमिशनवर दुसऱ्याला वापरायला दिलं होतं. पैसे होते कळंगुटच्या एका व्हिलाच्या बुकिंगचा अ‍ॅडव्हान्स, आणि तो व्हिला भाड्याने मिळतच नव्हता. फोटो कुठून तरी उचललेले. पहिल्या आठवड्यात मॉडेलने या खात्याला संशयाचा वरचा स्कोअर दिला होता, फक्त आम्ही ठरवलेल्या मर्यादेच्या जरासा खाली. मग रोज रात्री 'कालचंही सगळं चांगलंच' असं शिकत तो उतरत गेला. नोव्हेंबरअखेर मॉडेलला ते खातं एखाद्या जुन्या गेस्टहाऊसच्या खात्याइतकं निर्धोक वाटत होतं, आणि त्याच्यासारखी दुसरी खातीही.

तक्रारी आल्या नाताळात. माणसं मुलाबाळांसह दाबोळी, मोपा विमानतळावर उतरली, पत्त्यावर पोचली, तेव्हा कुठे त्यांना कळलं. 1930 या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद होऊन ते आमच्यापर्यंत यायला जानेवारी उजाडला. त्यातल्या एका कुटुंबाशी मी स्वतः फोनवर बोललो. ते बोलणं अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी लेबल, म्हणजे व्यवहारावरचा 'चांगला' की 'वाईट' हा शिक्का, मुरू देतो. कार्डाच्या व्यवहाराला साठ दिवस, बुकिंगसारख्या आगाऊ पैशांना नव्वद. तोवर तो व्यवहार चांगलाही नाही, वाईटही नाही. त्याच्यापुढे 'ठाऊक नाही' एवढंच लिहायचं. 'मग मॉडेल शिळं होईल ना?' असं घाईतली मुलं विचारतात. होतंच. म्हणून तपासनिसांनी हाताने पाहिलेले व्यवहार त्याच दिवशी एका वेगळ्या, छोट्या मॉडेलला शिकवतो आणि दोघांचे स्कोअर एकत्र करतो. शिवाय सप्टेंबरच्या मॉडेलची एक प्रत गोठवून ठेवतो. तिचा आणि आजच्या मॉडेलचा स्कोअर जिथे फार लांब गेला, ती खाती दर सोमवारी स्वतः उघडून बघतो. वेळ जातो, पण हे काम मी दुसऱ्यावर सोडत नाही.

दुसरी चूक याच्या उलट: अडवलेला व्यवहार म्हणजे फसवणूक, असं धरणं. मॉडेलने अडवलं, ते 'फसवणूक' म्हणून नोंदलं, मॉडेल त्यावरच शिकलं, आणि पुढच्या वेळी अजून ठामपणे अडवलं. पावसाळ्यात परदेशी कार्डं कमी दिसतात; ऑक्टोबरमध्ये पाहुणे आले की त्यांचं पहिलंच बिल अडतं आणि हे चक्र सुरू होतं. माझ्या तक्त्यात 'अडवला' आणि 'सिद्ध झाला' हे दोन वेगळे रकाने असतात. फक्त दुसऱ्यावर शिकवायचं.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. अचूकतेची टक्केवारी मला दाखवू नका. सगळे सराव करतात त्या 2013 च्या युरोपीय कार्डांच्या डेटात 2,84,807 पैकी 492 व्यवहार फसवणुकीचे आहेत. सगळ्यांना 'चांगला' म्हणणारं मॉडेलही तिथे 99.8 टक्के अचूक ठरतं. पकडलेले किती आणि नाहक अडवलेले किती, तेवढं सांगा. चाचणीचा डेटा चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडू नका, तारखेने कापा: आधीचा शिकवायला, नंतरचा चाचणीला. फसवणुकीचे कृत्रिम नमुने वाढवायचेच असतील तर कापल्यानंतर, आणि फक्त शिकवायच्या भागात.

महिन्याच्या रकान्यावरही भिस्त ठेवू नका. चवथ (गणेश चतुर्थी) तिथीने येते, कार्निव्हल लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या, आधी येतो. दोन्हींची तारीख दरवर्षी सरकते. मी दर जूनमध्ये पुढच्या वर्षाचे सण हाताने भरतो. अ‍ॅडविनसारखा, डेटातला बदल ओळखणारा डिटेक्टर लावला असेल, तर सीझन सुरू होताना तो वाजणारच. वाजला की लगेच मॉडेल नव्याने शिकवायला बसू नका. आधी त्या दिवसाचे पन्नास व्यवहार वाचा.