नवी कवळी टोचते म्हणून डबीत ठेवून देऊ नका: दात काढल्यानंतरच्या या चुका टाळा

माझ्या ओळखीच्या तीन घरांत कवळी कपाटात आहे आणि माणूस हिरड्यांनीच जेवतो. पैसे भरून झालेले, दवाखान्याचे हेलपाटे झालेले, आणि शेवटी ‘आपल्याला नाही जमत ते’ म्हणून डबी बंद. माझ्या आईची कवळीही त्याच वाटेला लागली होती. तिचं वय 71, साखर आहे, दाढा आधीच गेलेल्या. मार्चअखेरीस पुढचे उरलेले सहा दात एकाच दिवशी काढले आणि लगेच कवळी बसवली. पुढच्या दोन महिन्यांत तिने आणि आम्ही घरच्यांनी मिळून ज्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेक सहज टळल्या असत्या. ज्यांच्या घरी हे आता व्हायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. जखमा भरल्यावर दोन-तीन महिन्यांनी माप घेऊन केलेली कवळी वेगळी आणि दात काढल्याबरोबर बसवलेली कवळी वेगळी. या दुसरीचं माप दात तोंडात असतानाच घेतात. दात निघाल्यावर हिरडी कशी होईल, याचा तो अंदाज असतो. म्हणून ती सुरुवातीला कुठे ना कुठे टोचते आणि काही आठवड्यांत सैलही होते. तेवढ्यावरून डॉक्टरांनी काम बिघडवलं असं होत नाही. ती घासून घ्यायला, नीट करून घ्यायला परत जायचंच असतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

पहिल्या रात्रीच कवळी काढणं

लगेच बसवलेली कवळी जखमेवर पट्टीसारखं काम करते. पहिले 24 तास ती तोंडातच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडूनच काढून घ्यायची. मध्येच काढली तर हिरडी सुजते आणि मग ती परत आत जात नाही. रात्री आठच्या सुमाराला आई म्हणाली, “लई टोचलालंय रं, काढू का?” नशीब, मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेऊन ती रात्र निघाली. पुढे किती दिवस रात्रीही घालायची, हे सूज बघून डॉक्टरच ठरवतात.

त्याच दिवशीची दुसरी चूक म्हणजे सारखं थुंकणं. लाळेत थोडं रक्त दिसलं की माणूस घाबरून थुंकत राहतो. दात निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरावी लागते. ती निघून गेली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी भयंकर कळ सुरू होते. म्हणून पहिला दिवस थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. उन्हाळा आहे म्हणून कोणी शहाळं आणून दिलं, तर पाणी पेल्यात ओतून प्यावं, नळीने ओढू नये. तंबाखू, मावा, मशेरी, विडी तर नकोच. आमच्या शेजारच्या मावशींनी दात काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने मशेरी लावली आणि आठवडाभर भोगलं. 24 तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, खळखळ न करता, पाणी तोंडात नुसतं फिरवून सोडून द्यायचं.

तपासणीआधी कवळी काढून ठेवणं

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. दहा-बारा दिवसांनी खाली डाव्या बाजूला कवळी बोचायला लागली. तपासणी सोमवारी होती. आईने शुक्रवारीच कवळी काढून वाटीत ठेवली आणि सोमवारी डबीत घालून बरोबर घेतली. भर एप्रिलच्या उन्हात रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी तोंड बघितलं तर हिरडी गुलाबी, कुठेच काही नाही. तीन दिवसांत जखम भरून आली होती. मग घासायचं कुठे? अंदाजाने घासली तर चांगली बसलेली कड सैल व्हायची. त्यांनी आम्हाला परत पाठवलं: दोन दिवस घाला, दुखू द्या आणि तशाच या.

कवळी जिथे दाबते तिथे लाल चट्टा किंवा छोटा व्रण होतो. तोच डॉक्टरांचा नकाशा. त्यावर खूण करून ते कवळी बसवतात, खूण कवळीवर उमटते आणि नेमकी तेवढीच जागा घासतात. काम पाच-सात मिनिटांचं. म्हणून फारच दुखलं तर कवळी काढून आराम द्या, पण जायच्या आधी निदान एक दिवस घाला आणि घालूनच जा. आईची अशी चार वेळा घासली. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपण डॉक्टरांना त्रास देतोय. आपल्याकडच्या बायकांना सोसायची फार सवय. दवाखान्यात डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारलं की “बरं आहे” म्हणतात आणि घरी येऊन कवळी काढून ठेवतात. म्हणून घरातलं कोणीतरी बरोबर जा, आणि कुठे, कधी, काय खाताना दुखतं ते कागदावर लिहून न्या.

घरीच कानस चालवणं

एका नातेवाइकाने टोचणारी कड स्वतःच कानशीने घासली. कवळी बसेना, हलायला लागली आणि शेवटी नवी करावी लागली. ब्लेड, कानस, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका. तडा गेला तर झटपट चिकटणारा गोंद नको. तुकडे किंचित जरी वाकडे जुळले तरी कवळी कामातून जाते, शिवाय तो गोंद तोंडात जातो. तुकडे रुमालात बांधून दवाखान्यात न्या, बऱ्याचदा दुरुस्ती होते.

कवळी धरून ठेवणारी पेस्ट किंवा पावडर मिळते. ती वाईट नाही, पण सैल कवळीवर तो इलाज नाही. वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. जखमा ओल्या असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. काही पेस्टमध्ये जस्त असतं. रोज भरमसाट वापरलं तर त्याचा नसांवर परिणाम होतो. ट्यूब भराभर संपत असेल, तर कवळी दाखवायची वेळ झाली आहे.

पहिल्या आठवड्यात कडक भाकरी

सोलापूरकराला हे सांगणं जिवावर येतं, पण कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या दोन्ही गोष्टी नव्या कवळीच्या वैरी आहेत. भाकरीचे तुकडे टोकदार मोडतात. चटणीतला शेंगदाण्याचा कण कवळीखाली शिरला की बुटात खडा गेल्यासारखं होतं, आणि वर तिखट ओल्या जखमेला लागतं. पहिले चार-सहा दिवस ताकभात, मऊ खिचडी, उकड, पातळ उपीट, वरणात कुस्करलेली पोळी. मग ज्वारीची ताजी मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत चुरून. भाकरी सोडायची नाही, तिचं रूप बदलायचं.

पूर्ण कवळीने चावायचा जोर नैसर्गिक दातांच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढाच मिळतो. त्यामुळे चावायची पद्धतच नव्याने शिकावी लागते. घास लहान घ्यायचा. तो दोन्ही बाजूंना वाटून एकदम चावायचा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू, कणीस तोडायला जाऊ नका, सुरीने फोडी करा. आईला हे जमायला पाच-सहा आठवडे लागले. मऊ भाकरीला सरावल्यावर कडक भाकरीही खाल्ली, पण आमटीत भिजवून. चटणी आम्ही मिक्सरमधून बारीक करून दह्यात कालवून देतो.

चिकट पदार्थांचं वेगळं दुखणं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत चिक्की आणि संक्रांतीला तिळगूळ हे चुकत नाही, पण तो गूळ कवळीला धरून ठेवतो आणि कवळी जागेवरून सुटते. मऊ लाडू करा किंवा तिळगूळ तोंडात विरघळू द्या. हुरडा पहिल्या वर्षी कोवळाच आणि थोडाच.

एक धोका कोणी सांगत नाही. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे चहा किती गरम आहे ते तोंडाला कळत नाही आणि थेट घशाला भाजतो. पहिले काही दिवस चहा आधी ओठाला लावून बघा. चवही कमी लागते, ती हळूहळू परत येते.

‘खालची बसतच नाही’ म्हणून नाद सोडणं

वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते. खालच्या कवळीला तेवढी जागाच नसते. मध्ये जीभ, बाजूला गाल, आणि दोघंही सतत हलतात. त्यात खालचं हाड जास्त झिजतं. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या 25 वर्षांच्या एका अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट आढळली होती. म्हणजे खालची थोडी हलणार, हे धरूनच चालायचं. जीभ मागे ओढून न घेता तिचं टोक खालच्या पुढच्या दातांना हलकं टेकवून ठेवलं की कवळी बरीच स्थिर राहते. महिना-दीड महिना सराव करूनही जमलं नाही, तर दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रूसारखे खुंटे) घालून त्यावर खालची कवळी अडकवता येते का, ते डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीला लाळ खूप सुटते. तोंडाला ती बाहेरची वस्तू वाटते, दुसरं काही नाही. गिळत राहा, आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. बोलणं अडखळतं, विशेषतः स, श, त, फ. आईने दुपारी दार लावून एकसष्टपासून एकोणऐंशीपर्यंत मोठ्याने मोजायला सुरुवात केली. त्या आकड्यांत ‘स’, ‘ष्ट’ आणि ‘त’ भरलेले आहेत. पंधरा दिवसांत फरक पडला. या काळात घरात कोणी हसू नका, गमतीतसुद्धा नको. दात गेल्यावर आई पदर तोंडावर धरून बोलायची, आरशात बघायची नाही. तिला धीर हवा होता आणि आम्ही तिला “कवळी घाल की, एवढे पैसे घातलेत” म्हणत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्रंदिवस तोंडात, आणि टूथपेस्टने घासणं

सूज उतरल्यावर कवळी रात्री काढायची. हिरडीला विश्रांती लागते. सतत घातली तर तिच्याखाली बुरशी वाढून टाळू लालभडक होते. साखर असणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या लोकांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं होतं.

टूथपेस्टने कवळीवर बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. उकळतं पाणी नको, कवळीचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवा. नळाला दिवसाआड, चार दिवसांआड पाणी येत असलं तरी त्या वाटीतलं पाणी रोज बदला. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर धरला तर चाकूने खरवडू नका, तपासणीच्या वेळी साफ करून घ्या. कवळी काढल्यावर हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या.

कधी थांबायचं नाही

दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर कळ वाढत गेली, खालचा ओठ बधिर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कधीकधी काही आठवड्यांनी हाडाची बारीक कपची हिरडीतून वर येते. ती दाखवा, स्वतः उपटू नका. कवळी घासून घेतल्यावरही दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तपासून घ्यायलाच हवा, आणि आयुष्यभर मावा-मशेरी केलेल्यांनी तर एक दिवसही पुढे ढकलू नये. तो तोंडाचा कर्करोग असू शकतो.

दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत, हाड सर्वात वेगाने आटतं. आईची कवळी सप्टेंबरात बोलताना खाली यायला लागली. तिला वाटलं, वाया गेली. वाया काही गेली नव्हती. आतून नवं अस्तर लावायची वेळ झाली होती. कवळी एक दिवस दवाखान्यात ठेवावी लागली. त्या दिवशी आईने दहीभात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत तीनदा विचारलं, “आला का रे फोन? कधी देतेत माझी कवळी?”