फुलपाखरांसाठी देशी झाड लावताय? या चुका टाळा

जून उजाडला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते, यंदा कोणतं झाड लावायचं? आणि निवड होते फुलांवरून. पहिली चूक तीच. मध फुलपाखराला बऱ्याच फुलांत मिळतो. अंडी मात्र मादी ठरावीक झाडांवरच घालते, कारण सुरवंटाला दुसरा पाला चालत नाही. तेव्हा झाड पाल्यासाठी निवडा. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट हे फुलपाखरू वाढतं. कढीपत्ता, लिंबू, बेल यांवर कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर पोसतं.

नर्सरीत नुसतं नाव सांगून रोप घेऊ नका. बहावा मागितला तर कधी गुलाबी फुलांचा कॅशिया मिळतो, कधी कासोद. दोन्ही आग्नेय आशियातले. खऱ्या बहाव्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, चार ते आठ जोड्या असतात आणि एकेक पर्णिका बोटाएवढी ते पार वीतभर लांब; कासोदची त्यापेक्षा बरीच लहान. अशोकाचंही तसंच. सीताअशोक मागा, हातात आसुपालव पडतो. गंमत म्हणजे कंपाउंडला रांगेत उभा असलेला हा आसुपालव ‘टेल्ड जे’ नावाच्या फुलपाखराला फार आवडतो, त्यामुळे असलेला मुळीच तोडू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक दिसत नाही. लिंबू आणि कढीपत्त्याच्या रोपांवर नर्सरीत हमखास फवारणी होते, कारण कुरतडलेलं रोप विकलं जात नाही. आंतरप्रवाही औषध पानांत मुरतं, वरून धुऊन जात नाही. अशा पाल्यावर अंडी घातली गेली तर सुरवंट जगत नाहीत. औषध कधी मारलं होतं ते सरळ विचारा आणि चारदोन पानं खाल्लेलं रोप दिसलं तर बिनधास्त तेच घ्या. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं रोप मात्र नको.

येऊरच्या जंगलातून रोप उपटून आणणं हा तर गुन्हा आहे, ते राष्ट्रीय उद्यान आहे. बहाव्यासाठी तसं करायची गरजही नाही. रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेली वाळकी काळी शेंग उचला, बी पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि पेरा. फुलांसाठी काही वर्षं थांबावं लागेल. पाला मात्र लवकर मिळतो.

नवी मुंबईत खाडी बुजवून केलेल्या भरावावर खड्डा घेतला की विटांचे तुकडे आणि चिकट माती निघते. दोन फूट खोल खणून चांगली माती भरा आणि पाणी साचणार नाही हे बघा, नाहीतर लिंबू पहिल्याच पावसाळ्यात पिवळं पडेल.

पुढे फांद्यांवर सुरवंट दिसले की सभासद ‘कीड लागली’ म्हणून फवाऱ्यासाठी माळ्याला हाक मारतात. लाइम बटरफ्लायचा लहान सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. काडीने हलकेच डिवचलात तर डोक्यामागून केशरी दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. माळ्याला एकदा हे दाखवून ठेवा. पावसाळ्यात सुरवंटांमुळे बहावा कधीकधी पार बोडका होतो, पण पुन्हा फुटतो.

आणि जागा विचार करून ठरवा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे मोठं झालेलं झाड पार्किंगच्या आड आलं तरी महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.