आजी रात्री लघवीला उठतात तेव्हा

वृद्धाश्रमात रात्रपाळी करते त्याला १४ वर्षं झाली. कामाला नवी मुलगी आली की तिला मी आधी पलंगाशी नेते.

पलंगाच्या कडेला बसल्यावर आजींचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर पलंग उंच आहे. आजी उठायला लागल्या की हाताला धरून ओढायचं नाही. कडेला बसवायचं, पावलं वरखाली हलवायला लावायची, मिनिट-दोन मिनिटं बोलत राहायचं. मग उभं करायचं, आणि आधाराने पुन्हा क्षणभर थांबायचं. एकदम उठलं की रक्त पायांकडे उतरतं, बीपी घसरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपलेलं असतानाचा बीपीचा वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा जास्त उतरला, तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचा. बीपीची, झोपेची किंवा आजोबांची प्रोस्टेटची गोळी यामुळे असं होतंय असं वाटलं, तरी ती आपल्या मनाने बंद करायची नाही. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, संध्याकाळी चालू असेल तर सकाळी दिली तर चालेल का, हे मात्र जरूर विचारा.

आमच्याकडच्या एक आजी कधी हाक मारायच्या नाहीत. "तू दमलेली असतेस गं, तुला कशाला उठवू?" म्हणायच्या. एका रात्री एकट्याच गेल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मी हाकेची वाट बघत नाही. ११, २ आणि ५ वाजता स्वतःच जाते, जाग असली की म्हणते, "चला आजी, जाऊन येऊ." लघवीची घाई झाली की माणूस ना चप्पल शोधत ना वॉकर.

वॉकर हाताशी ठेवा, त्याची खालची रबरं झिजली की बदला. गाऊन घोट्याच्या वर हवा. रात्रभर छोटा दिवा, बाथरूम कोरडं. टॉवेलच्या दांडीवर भार टाकू देऊ नका, ती निखळते. भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा लागतो.

तरीही कुणी पडलंच, तर उचलायची घाई नको. जवळ बसा, बोला, कुठे दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलं असेल, तर खुबा मोडला असं समजून हलवू नका. चादर पांघरा, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल, तर आजी नीट बोलत असल्या तरी लगेच दवाखान्यात न्या. डोक्यातला रक्तस्राव कधीकधी काही दिवसांनी कळतो, म्हणून परत आणल्यावरही सुस्ती, उलटी, बोलण्यातली गडबड यांवर प्रत्येक पाळीने लक्ष ठेवायचं आणि वहीत वेळेसकट लिहायचं.