मेडिक घेताय? आधी सिरिंज गन बदला

टीम फोर्ट्रेस 2 या नेमबाजीच्या टीम-गेममध्ये नवं हत्यार हाती आलं की लगेच लावायची घाई होते. जरा थांबा. बहुतेक क्लासना (म्हणजे सोल्जर, मेडिक अशा पात्रांना) मूळची हत्यारं पुरतात. सोल्जरचा रॉकेट लाँचर आणि डेमोमनचा स्टिकी लाँचर तर मुरलेले खेळाडूही सहसा सोडत नाहीत.

मेडिकचं मात्र वेगळं, त्याचं काम साथीदारांना बरं करायचं. मूळची सिरिंज गन घेऊन माणसं मारायला गेलात की मागे तुमचा साथीदार हेवी आडवा झालाच म्हणून समजा. त्याऐवजी क्रुसेडर्स क्रॉसबो लावा. साथीदाराला बाण लागला की त्याची हेल्थ वाढते, आणि जितक्या लांबून मारला तितकी जास्त: 75 पासून 150 पर्यंत. जवळच्या मारामारीसाठी उबरसॉ ही करवत. एक घाव बसला की उबर (पूर्ण भरला की मूळच्या मेडि गनने तुम्हाला आणि साथीदाराला काही सेकंद इजाच होत नाही) 25 टक्के भरतो. पण म्हणून करवत उगारून घोळक्यात शिरू नका (मी शिरलोय, टीमने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही).

बरं करणारी मेडि गन मात्र मूळचीच ठेवा. तिच्याऐवजी मिळणाऱ्या क्रिट्झक्रीगचा उबर लवकर भरतो खरा, पण ती क्रिट (जास्त जोरदार मारा) देते, संरक्षण नाही. समोर सेंट्री (आपोआप गोळ्या झाडणारी तोफ) लागलेली असेल तर तुम्ही दोघंही गेलात.